ओवी, अभंग आणि ख्रिस्तमंडळी



ख्रिस्ती धर्म म्हटला कीं आपल्यांपैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें एक ठरीव चित्र उभें राहतें: उंच मनोऱ्याचें देऊळ, आंत लांकडी बांकें, ऑर्गनचा गंभीर सूर, आणि नांवांवर व पेहरावावर युरोपची छाप. हें चित्र खोटें आहे असें मी म्हणणार नाहीं. तें अपुरें आहे, एवढेंच. ज्या धर्माचा संस्थापक पश्चिम आशियांतील एका लहानशा गांवीं वाढला, जो अरामी बोलला, आणि ज्याच्या चरित्राचे ग्रंथ आपल्यापर्यंत ग्रीक भाषेंत आले, त्या धर्माला भाषांतरावांचून गतीच नव्हती. येशूच्या मुखांतील मूळ अरामी शब्द शुभवर्तमानांत अगदीं मोजके टिकले आहेत. बाकी सारें वचन आरंभापासूनच परभाषेंत आहे. मुसलमानांना अरबी कुराण आहे, वैदिकांना स्वरांसह संहिता आहे. ख्रिस्ती माणसाला त्याच्या गुरूचे शब्द त्या रीतीनें लाभलेलेच नाहींत.

म्हणूनच परक्या समाजांत जातांना काय बरोबर न्यावें आणि काय मागें ठेवावें, हा प्रश्न या धर्माला जन्मापासून चिकटलेला आहे. त्याचा पहिला निवाडा इसवी सन ४९ च्या सुमारास यरुशलेमांत झाला. अंत्युखिया नगरांत ज्यू नसलेले पुष्कळ लोक ख्रिस्ताचे अनुयायी झाले होते. यहूदीयांतून आलेल्या कांहीं मंडळींनीं त्यांना बजाविलें कीं, सुंता केल्यावांचून आणि मोशेचें नियमशास्त्र पाळल्यावांचून तुम्ही खरे नव्हेत. वाद पेटला. पौल आणि बर्णबा यरुशलेमास गेले, पेत्र व याकोब यांच्यासह वडील मंडळी बसली, आणि निर्णय असा झाला कीं सुंतेचें ओझें परकीयांवर लादूं नये. मूर्तीला अर्पिलेलें अन्न, रक्त व व्यभिचार वर्ज्य करावा अशा मोजक्या अटी ठेवून बाकीची वाट मोकळी करण्यांत आली.

या वादाची एक बाजू मराठी श्रोत्याला कोणी समजावून सांगावी लागणार नाहीं. पौलाच्या पत्रांत असें नमूद आहे कीं, अंत्युखियांत पेत्र प्रथम परकीयांबरोबर जेवत असे, पण यरुशलेमहून कर्मठ मंडळी येतांच तो त्या पंगतींतून उठून बाजूला झाला, आणि पौलानें त्याला सर्वांदेखत दोष दिला. म्हणजे भांडण नुसतें सिद्धांताचें नव्हतें. तें पंगतीचें होतें. हा पंगतीचा धागा आपण हातांत धरून ठेवूं, कारण पुढें तोच उपयोगी पडणार आहे.

आतां एकदम दीड हजार वर्षें ओलांडून गोव्यास येऊं. १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघालेलें एक जहाज ऑक्टोबरांत गोव्यास लागलें. त्यांत थॉमस स्टीफन्स नांवाचा तिशीच्या घरांतला एक इंग्रज जेझुइट होता, विल्टशायर परगण्यांतला. पुढचीं सुमारें चाळीस वर्षें, म्हणजे १६१९ सालीं मरण येईपर्यंत, तो इकडेच राहिला, आणि त्यांतील बहुतेक काळ त्यानें साष्टी महालांत काढला. १५८३ मध्यें त्यानें आपल्या भावाला पाठविलेल्या पत्रांत एक निरीक्षण आहे: येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांसारखी आहे. सर विल्यम जोन्सनें संस्कृताविषयीं असाच विचार कलकत्त्यास मांडला तो १७८६ मध्यें, दोनशें वर्षांनंतर.

परंतु साष्टी तेव्हां केवळ भाषाभ्यासाची जागा नव्हती. तेथील देवळें १५६७ मध्यें पाडलीं गेलीं होतीं. १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें गांवकऱ्यांनीं पांच जेझुइटांना ठार केलें, आणि त्याचा सूड पोर्तुगीज सत्तेनें कठोरपणें घेतला. पोथ्या, कथा, सणवार यांवर बंदी होती. ज्यांना ख्रिस्ती करण्यांत आलें त्यांच्या घरांतून पुराण गेलें, आणि त्याच्या जागीं आलें काय? पाठ करण्याची प्रश्नोत्तरी. स्टीफन्सच्या ग्रंथांत नवख्रिस्ती लोक हीच तक्रार करितात: आमचीं जुनीं पुराणें तुम्ही मनाई केलींत, तर मग त्यांसारखें दुसरें आम्हांला कां देत नाहीं? या तक्रारीचें उत्तर म्हणून त्यानें जें दिलें तें ‘ख्रिस्तपुराण’. तें १६१६ मध्यें रायतूर ऊर्फ राचोल येथें छापलें गेलें. पहिलें पुराण छत्तीस अवस्वरांचें, दुसरें एकोणसाठ अवस्वरांचें. दोन्हीं मिळून जवळजवळ अकरा हजार ओव्या. पहिल्यांत जुन्या कराराची कथा, दुसऱ्यांत ख्रिस्ताचें चरित्र.

काळाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. एकनाथांनीं भागवताची टीका १५७३ मध्यें पुरी केली होती. ते गेले १५९९ मध्यें. तुकोबांचें जन्मसाल १६०८ धरलें तर ‘ख्रिस्तपुराण’ निघालें तेव्हां ते आठ वर्षांचे होते. म्हणजे हा इंग्रज ओवीच्या ऐन बहराच्या काळांत लिहीत होता, आणि त्याची ओवी त्या बहराला लाज आणील अशी नाहीं. पहिले तीन चरण यमकानें बांधलेले, चौथा आखूड व मोकळा, ही ओवीची चाल त्याच्या कानांत पक्की बसली होती. मराठी भाषेची स्तुति करणाऱ्या त्याच्या ओव्या शाळेंतील पुस्तकांतून अनेकांच्या परिचयाच्या आहेत. परंतु मला त्याहूनही लक्षणीय वाटतें तें त्याचें शब्दांचें धोरण. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. देवाला परमेश्वर म्हणतो. बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांचीं नांवें मात्र पोर्तुगीज वळणाचींच ठेवितो. जेथें श्रोत्याच्या मनांतील जुनी ओढ उपयोगीं पडेल तेथें जुना शब्द, आणि जेथें जुन्या अर्थानें घोटाळा होईल तेथें परका शब्द, असा हा विवेक आहे. प्रत्येक भाषांतरकाराला हा जुगार खेळावाच लागतो. वैकुंठ म्हणतांच श्रोत्याला शेषशायी विष्णु आठवला असणार, हें स्टीफन्सला कळत नसेल असें मानणें हा त्याच्या बुद्धीचा अपमान होईल.

या ग्रंथाविषयीं बोलतांना आपण मराठी माणसें थोडीं हळवीं होतों, तेव्हां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या सत्तेनें पुराणें हिरावून घेतलीं त्याच सत्तेच्या छायेंत हें नवें पुराण दिलें गेलें. दाता आणि हर्ता यांची घरें शेजारशेजारचीं होतीं. तरीही लोकांनीं तें आपलेंसें केलें. १६४९ आणि १६५४ मध्यें त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, आणि देवळांतून तें वाचलें जाई. १६२९ मध्यें एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटानें संत पेत्राच्या चरित्रावर ओवीबद्ध पुराण छापलें, यावरून ही वाट रूढ होत चालली होती हें दिसतें. मग २७ जून १६८४ रोजीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलूं लागावें. ‘ख्रिस्तपुराणा’च्या त्या तिन्हीं छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. हातानें उतरून घेतलेल्या पोथ्यांनीं तें जगविलें. १९०७ मध्यें मंगळुरास जोसेफ साल्ढाना यांनीं रोमन लिपींत तें पुन्हां छापलें, आणि देवनागरींत तें १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास आणिलें. मराठी ग्रंथाला मराठी लिपींत छापून यावयास तीनशें चाळीस वर्षें लागलीं.

केरळांत याच सुमारास उलटी गोष्ट घडली. तेथील ख्रिस्ती लोक पोर्तुगीजांच्या कित्येक शतकें आधींपासूनचे, आणि त्यांची उपासना सुरियानी भाषेंत चाले. १५९९ मध्यें गोव्याचा आर्चबिशप मेनेझिस यानें उदयंपेरूर येथें सभा भरवून त्यांच्या चालीरीति रोमच्या सांच्यांत बसविल्या, आणि त्यांचे कित्येक सुरियानी ग्रंथ जाळविले. १६५३ च्या जानेवारींत मट्टांचेरीच्या क्रूसाला दोर बांधून, तो दोर हातीं धरून हजारों लोकांनीं त्या सत्तेविरुद्ध शपथ घेतली. ख्रिस्ती धर्म येथें परका नव्हता. परकी होती ती त्याची सक्तीनें आणलेली दुसरी तऱ्हा. आणि रोमलाही हें अगदींच उमजत नव्हतें असें नाहीं. १६५९ मध्यें धर्मप्रसार-मंडळानें पूर्वेकडे जाणाऱ्या आपल्या प्रतिनिधींना लेखी ताकीद दिली होती कीं, श्रद्धा न्या, पण आपला देश चीनमध्यें उचलून नेण्याचा वेडेपणा करूं नका. ताकीद उत्तम होती. चीनमध्यें मात्तेओ रिच्चीनें कन्फ्यूशियसच्या विद्वानांचा वेष घेऊन जें काम उभें केलें, त्याचें पुढें काय झालें तें पाहिलें म्हणजे ताकीद देणें व पाळणें यांतील अंतर कळतें: पूर्वजांना वंदन करणें हा चिनी लोकांचा कुलाचार १७०४, १७१५ व १७४२ अशा एकामागून एक आज्ञांनीं रोमनें निषिद्ध ठरविला, चीनच्या बादशहानें चिडून धर्मप्रचारच बंद केला, आणि ती बंदी रोमनें सैल केली ती १९३९ मध्यें.

येथपर्यंतच्या हकीकतीवरून असें वाटेल कीं, स्थानिक रीत स्वीकारणारा तो शहाणा आणि नाकारणारा तो हट्टी. हें इतकें सोपें असतें तर या विषयावर बोलण्यासारखें फार उरलें नसतें. १६०६ मध्यें रॉबर्टो द नोबिली हा इटालियन जेझुइट मदुरेस आला. त्यानें भगवीं वस्त्रें घेतलीं, मांस सोडलें, तामिळ आणि संस्कृत यांचा सखोल अभ्यास केला. त्याच्या ब्राह्मण शिष्यांनीं जानवें, शेंडी व गंध ठेवावें यासाठीं तो झगडला, आणि १६२३ मध्यें पोप पंधराव्या ग्रेगरीनें तशी परवानगी दिली. विद्वत्ता आणि त्याग या दोन्हीं बाबतींत हा मनुष्य असामान्य होता. पण संस्कृतीचा मान राखतां राखतां त्यानें उच्चवर्णीयांचें सोंवळेंही राखलें. पुढें त्या मिशनांत वरच्या जातींसाठीं निराळे आणि खालच्या जातींसाठीं निराळे धर्मगुरु अशी व्यवस्था झाली. अंत्युखियाची पंगत आठवा. पेत्र जेथून उठला होता, तेथेंच नोबिलीचें मिशन जाऊन बसलें. एखाद्या समाजाची संस्कृति स्वीकारतों असें म्हणतांना त्या समाजांतील कोणाची संस्कृति, हें विचारल्यावांचून भागत नाहीं.

हा प्रश्न महाराष्ट्रांत एकोणिसाव्या शतकांत पुन्हां उभा राहिला. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ मध्यें मुंबईस आले, आणि १८३१ पासून त्यांनीं अहमदनगर आपलें ठाणें केलें. त्यांनीं शाळा काढल्या, छापखाने काढले, आणि उपासनेसाठीं इंग्रजी गीतांचीं मराठी रूपांतरें केलीं. रूपांतरांत श्रद्धा होती, पण कान नव्हता. इंग्रजी पद्य आघातावर चालतें. ठराविक अवयवावर जोर पडतो आणि चाल त्या जोराला धरून बांधिलेली असते. मराठीस असा आघात नाहीं. तिचें पद्य अक्षरें किंवा मात्रा मोजतें, ऱ्हस्व-दीर्घ पाहतें. परिणाम असा होई कीं, विलायती चालींत मराठी शब्द कोंबला म्हणजे ऱ्हस्व अक्षर ताणलें जाई, दीर्घ तुटे, आणि शब्दाच्या मधोमध श्वास घ्यावा लागे. देवाची स्तुति चालली आहे कीं व्याकरणाचा छळ, हें बाहेरच्याला ओळखतां येऊं नये.

हा छळ सर्वांत अधिक ज्याला झोंबला तो नारायण वामन टिळक. १८६१ मध्यें रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं जन्मलेल्या या चित्पावन कवीनें १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. आणि आलेला पूल त्यांनीं मागें जाळला नाहीं. अभंग, ओवी, पद, कीर्तन हीं सारीं त्यांनीं मंडळींत आणिलीं. ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात अहमदनगरच्या बाजूस त्यांच्या आधींपासून होता, आणि कृष्णराव सांगळ्यांसारखे पदकर्तेही होते. पण टिळकांच्या हातीं त्याला काव्याची प्रतिष्ठा आली. ‘उपासना-संगीत’ या मराठी मंडळीच्या गीतसंग्रहांत त्यांचीं गीतें आजही आहेत, आणि रविवारीं तीं पाठ म्हणणाऱ्या कित्येकांना तीं कोणाचीं हें ठाऊकही नसतें. १९१७ मध्यें त्यांनीं मिशनच्या वेतनाचा त्याग करून ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्हीं प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांत एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजीं, ते वारले. ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें होतें. तें पुढें लक्ष्मीबाईंनीं पूर्ण केलें.

टिळकांवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून चालणार नाहीं. अहमदनगर भागांतील ख्रिस्तमंडळीचा मोठा भाग महार आणि मांग समाजांतून आलेला होता. त्यांतील अनेकांनीं ज्या जुन्या व्यवस्थेला कंटाळून देऊळ बदललें, त्याच व्यवस्थेचा सुवास भारतीयत्वाच्या नांवाखालीं पुन्हां त्यांच्या नाकाशीं धरावा काय? आक्षेप गंभीर आहे. माझें मत असें कीं, नोबिलीला तो पुरता लागूं पडतो, टिळकांना पडत नाहीं. जानवें सर्वांना मिळत नव्हतें. न मिळणें हाच त्याचा अर्थ होता. अभंग मात्र जितका तुकोबांचा तितकाच चोखोबांचा आणि सोयराबाईचा. जो महाराच्या झोंपडींत रचला गेला आणि पंढरपुराच्या वाटेवर सर्वांच्या तोंडीं रुळला, तो छंद कोणालाही पंगतींतून उठवीत नाहीं. तरीही आक्षेपाचें एक शल्य उरतेंच. डफावरचीं गाणीं, पोवाड्याची चाल, जात्यावरच्या बायकांच्या ओव्या यांना मंडळीच्या वेदीजवळ अभंगाइतका मान मिळाला नाहीं.

सोंवळें प्रत्यक्ष कसें सुटतें, हें कोणास पाहावयाचें असेल तर त्यानें लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ काढावीं. पतीच्या धर्मांतरानंतर जवळजवळ पांच वर्षें त्या हिंदूच राहिल्या, आणि दुसऱ्याच्या हातचें पाणी पिण्यापर्यंतचा त्यांचा प्रवास त्यांनीं हसत हसत सांगितला आहे. धर्मशास्त्राचे मोठे ग्रंथ जें सांगूं शकत नाहींत तें त्या एका घड्याच्या पाण्यांत सांगतात.

पंडिता रमाबाईंची वाट याहून निराळी. १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तेथील धर्मभगिनींनीं त्यांना क्रूस घालण्यास सुचविलें. त्यावरील अक्षरें लॅटिन. रमाबाईंनीं विचारिलें, लॅटिनच कां? संस्कृत कां नको? पुरोहितांचें एक जोखड मोठ्या कष्टानें उतरवून आल्यें, तें दुसऱ्या देशाच्या पुरोहितांचें मानेवर घेण्यासाठीं नव्हे, असा त्यांचा रोख होता. एवढी संस्कृताची अभिमानी विदुषी. पण केडगांवीं स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचें भाषांतर करावयास बसली, तेव्हां तिनें संस्कृतप्रचुर मराठी बाजूला ठेविली आणि खेड्यांतील बाईला कळेल अशी साधी मराठी धरली. मुक्तिसदनांतील स्त्रियांनीं खिळे जुळविले, स्त्रियांनीं छापलें. १९२२ च्या एप्रिलांत रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्यें बाहेर आलें. क्रूसावर संस्कृत मागणारी आणि पुस्तकांत संस्कृत टाळणारी बाई एकच. पहिल्या प्रसंगीं समोर इंग्रज होते, दुसऱ्या प्रसंगीं दुष्काळांतून आलेल्या मुली.

शेवटीं वसईकडे वळूं. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी आप्पांनीं ती जिंकल्यावरही तेथील ख्रिस्ती वस्ती टिकून राहिली. धर्मप्रसार नेहमीं पश्चिमेकडूनच निघतो असें मानणाऱ्यांनीं येथला गोन्सालो गार्सिया ध्यानांत ठेवावा. वसईस जन्मलेला, पित्याकडून पोर्तुगीज व मातेकडून येथलाच. तो जपानांत व्यापारी म्हणून गेला, उत्तम जपानी बोलूं लागला, पुढें फ्रान्सिस्कन बंधु झाला, आणि हिदेयोशीच्या दरबारीं दुभाषी म्हणून उभा राहिला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीस त्याला क्रूसावर मारण्यांत आलें. १८६२ मध्यें रोमनें त्याला संतपद दिलें.

वसईंतील घरांत सामवेदी, वाडवळी अशा बोली चालत आल्या. देवळांतला मिस्सा मात्र लॅटिनमध्यें. १९६३ च्या डिसेंबरांत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेंत देशभाषांना वाट दिली, आणि मग वेदीवरून मराठी ऐकूं येऊं लागली. याच मातींतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं ‘सुवार्ता’ मासिक चालविलें आणि ‘सुबोध बायबल’ मराठींत आणिलें, ज्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२० च्या जानेवारींत धाराशिव येथें, म्हणजे तेव्हांच्या उस्मानाबादेस, भरलेल्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्यें ते वारले.

लॅटिन जाऊन मराठी आली, याचा आनंद आपण शहरवासी मंडळी मानतों तो रास्त आहे. पण सामवेदी बोलणाऱ्या घरांतील आजीला ही प्रमाण मराठी शाळेंतली भाषा आहे. लग्नाचा विधि देवळांत त्या मराठींत होतो. त्याच्या आधीं घरीं मांडवांत गाणीं होतात तीं तिच्या बोलींत, आणि मुंबई-साळशेतच्या ईस्ट इंडियन घरांत उंबराचें पाणी आणतांना बायका म्हणतात तीं त्यांच्या बोलींत. धर्मगुरु त्या वेळीं बहुधा हजर नसतात. त्या गाण्यांत मरियाबाय असते, पांच सवाष्णी असतात, आणि नवरीच्या माहेरची विहीरही असते.